पार्वताबाईचा गुणक

गणित बरोबर आलं की पुढचं सगळं बरोबर होतं, असं शाळेत सांगतात. ज्यांनी सांगितलं त्यांना एक दिवस माझ्या स्टोअरच्या खिडकीत आणून बसवा. माझं दुसरं काही मागणं नाही.

मी मधुकर बांते. भंडाऱ्याहून मोहाडीकडे येताना रस्त्याच्या कडेला शेतीपंपाच्या मोटरी बनवणारा एक लहानसा कारखाना आहे, तिथलं स्टोअर मी चोवीस वर्षांपासून सांभाळतो. तांब्याची तार, कागद, वार्निश, बेअरिंग, सगळं माझ्या खिडकीतून जातं, आणि माझी सही झाल्याशिवाय जात नाही. मधुकरभाऊ खेकसतात असं म्हणतात. खेकसतो. तोळामासा जपायची तार पोरी कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ओढून नेतात, मग मी काय त्यांची आरती ओवाळू? पण ते जाऊ द्या. मला अतुलचं सांगायचं आहे.

अतुल चिंधू नंदेश्वर, राहणार करडी. बाप चिंधू राईस मिलवर पोती उचलायचा. पोरगा आठवीत असताना तो गेला आणि त्याच वर्षी अतुलची आई, पार्वताबाई, आमच्याकडे वाइंडिंगच्या टेबलावर येऊन बसली. वाइंडिंग म्हणजे तारेच्या कॉईली करायच्या आणि त्या मोटरीच्या लोखंडी गाभ्यातल्या खाचांमध्ये बोटांनी एकेक बसवायच्या. एकोणीस वर्षं या बाईनं ते केलं. त्याच टेबलाच्या जोरावर पोराला नागपूरला ठेवून डिप्लोमा करवला. पोरगा पास होऊन कुठं गेला? इथंच आला! 'डिझाइन'ला. डिझाइन म्हणजे काय, तर ऑफिसच्या कोपऱ्यात एक खुर्ची, एक कॉम्प्युटर, आणि उन्हाळ्यात गरम हवा फेकणारा एक पंखा. पण पार्वताबाईला त्या खुर्चीचं कोण कौतुक! डबा खायला बाहेर निघाली की ऑफिसच्या काचेतून एकदा डोकावल्याशिवाय पुढं जायची नाही.

डिझाइनचं काम असं. मोटर बनवण्याआधी कागदावर गणित करायचं: तार किती जाड, वेढे किती, मोटर किती तापेल, वीज किती खाईल. मग मोटर बनवायची, टेस्टिंगच्या बेंचवर चढवायची आणि मोजायची. कागदावरचं आणि बेंचवरचं कधी जुळायचं नाही. आठ टक्के, नऊ टक्के फरक ठरलेला. अतुलच्या आधी जे गृहस्थ होते त्यांचा तोडगा सोपा होता, सगळ्यावर दहा टक्के चढवून टाकायचे आणि घरी जायचे. सुखी माणूस होता. अतुलला ते जमेना. फरक दिसला की त्याचा चेहरा भातात खडा लागल्यासारखा व्हायचा. मी त्याला म्हणायचो, "अबे, मोटर फिरून राहिली ना? मंग तुले काय करायचं आहे?" तो नुसता हसायचा आणि परत बेंचकडे जायचा.

पुढं खरंच घोडं अडलं. एका मोठ्या कंपनीची ऑर्डर आली. मोटरीच्या पाटीवर जे आकडे छापाल तेच त्यांच्या तपासणीत निघाले पाहिजेत, दोन-तीन टक्क्यांच्या वर फरक नको, अशी अट. आमचा माल दोनदा परत आला. आमचे मालक भुपेंद्रसाहेब, माणूस तसा वाईट नाही, पण त्या दोन खेपांनंतर ते कोणाशी धड बोलेनात. तिसऱ्यांदा माल परत आला असता तर कारखानाच बसला असता, हे मलाही कळत होतं.

तेव्हा अतुलनं फरक कुठून येतो ते शोधून काढलं. पुस्तकात कॉईलच्या एका वेढ्याची लांबी काढायचं सूत्र असतं. खाचेत जेवढी तार जाते तेवढी गाभ्याच्या लांबीवरून कळते, पण खाचेच्या बाहेर तार वळून दुसऱ्या खाचेत जाते, तो बाहेरचा वळसा किती, ते सूत्र अंदाजानं धरतं. आता तो वळसा काय सूत्र घालतं? तो घालते बाई. आमच्याकडे सात बाया, सातांचे सात हात. कोणी आखूड ओढते, कोणी सैल सोडते. तार लांब झाली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, रेझिस्टन्स वाढला की मोटर तापते, आणि कागदावरचं गणित कागदावरच राहतं.

कोणती मोटर कोणी भरली हे कळायला आमच्याकडे रीत आहे. कॉईली भरून झाल्या की वळसे दोऱ्यानं बांधतात, आणि प्रत्येक बाईचा दोरा वेगळ्या रंगाचा. टेस्टिंगला खोट निघाली की ज्या रंगाचा दोरा त्या टेबलावर मोटर परत. पार्वताबाईचा निळा. अतुलनं चार महिने सुतळी लावून लावून सातही जणींचे वळसे मोजले. माझ्याकडून तारेची वजनं घेतली, मी खेकसत खेकसत दिली. आणि मग प्रत्येकीचा एक गुणक काढला. पुस्तकातल्या लांबीला त्या आकड्यानं गुणायचं, म्हणजे खरी लांबी येते. सगळ्यात तरुण रुपाचा गुणक एक पूर्णांक तीन शतांश. बाकीच्यांचे चार, पाच, सहा. एकीचा अकरा.

आणि गणित जुळलं हो! दोन टक्क्यांच्या आत. तिसरी खेप पास झाली, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना समोसे आले. पार्वताबाईनं दोन समोसे पदरात बांधून ठेवले आणि मला म्हणाली, "माह्या पोरानं केलं ना भाऊ ते?" म्हटलं, हो बाई, तुझ्याच पोरानं.

त्याच दुपारी साहेबांनी अतुलला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. अतुलनं आपला कागद समोर ठेवला. कागदावर नावं नव्हती, टेबल नंबर होते, तेवढं भान त्याला होतं. साहेबांनी बोट फिरवत खाली आणलं आणि सहज विचारलं, हा एक पूर्णांक अकरा कोणाचा?

"आईचा, सर," अतुल म्हणाला.

हसून म्हणाला. भाजी छान झाली म्हटल्यावर ती आईनं केली असं पोरगा सांगतो ना, तसं. त्याच्या डोळ्यापुढं गणित होतं, आणि त्या गणितात त्याची आई अगदी बरोबर बसली होती. माझ्यापुढं मात्र तांबं होतं. मी तार मोजून देणारा माणूस, इतरांपेक्षा पाच-सहा टक्के जास्त म्हणजे एका मोटरीमागं पाव किलो तांबं, हे मला बोटावर मोजावं लागत नाही. साहेबांनाही लागलं नाही.

साहेब ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, तांब्याचे भाव काय झालेत ते तुम्हाला माहीत आहे. महिनाभरात सगळ्यांनी एक पूर्णांक पाच शतांशावर यायचं. जिला जमणार नाही तिनं टेबल सोडायचं, पॅकिंगला जायचं नाहीतर घरी. आणि मग अतुलकडे वळून म्हणाले, "दर आठवड्याला माप तूच घे. माझा तुझ्यावर भरवसा आहे."

बाहेर आल्यावर पोराच्या तोंडचं पाणी पळालेलं. मी त्याला काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

बाकीच्या जणी महिन्याच्या आत आल्या पाचवर, काही मोठी गोष्ट नव्हती. पार्वताबाईला जमेना. आखूड कॉईल खाचेत बसवायची म्हणजे अंगठ्यानं दाबून दाबून रेटावी लागते, आणि एकोणीस वर्षांत तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजून निंबाएवढा झालेला. तरी तिनं केलं. दात-ओठ खाऊन केलं. पहिल्याच आठवड्यात तिच्या दोन मोटरींना टेस्टिंगला ठिणगी आली, रेटताना तारेवरचं कोटिंग खरवडलं गेलं होतं. निळा दोरा बांधलेल्या दोन मोटरी तिच्या टेबलावर परत आल्या. इतक्या वर्षांत तिच्या टेबलावर मोटर परत आलेली मी पाहिली नव्हती.

आणि दर शनिवारी अतुल सुतळी घेऊन तिच्या टेबलापाशी यायचा. ती सुतळीचं एक टोक धरायची, तो दुसरं. एक पूर्णांक अकरा. एक पूर्णांक दहा. परत अकरा. रुपा मान खाली घालून बसायची. मला तर त्या वेळी खिडकी लावून घ्यावीशी वाटायची.

एकदा मीच त्याला सुचवलं, आईच्या टेबलापुढं पाच लिहून टाक, कोणाला काय कळते? तो म्हणाला, लिहून पाहिलं होतं. पण तिच्या हातची मोटर बेंचवर चढली की रेझिस्टन्स मोजतात, आणि माझं गणित आता इतकं बारीक झालं आहे की खोटा गुणक दोन मिनिटांत उघडा पडतो. आधी नऊ टक्क्यांची गडबड होती तेव्हा त्यात काहीही खपून गेलं असतं. आता जागाच उरली नाही. हे सांगताना तो रडत नव्हता, पण रडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यानं बाहेर पडायचं ठरवलं. पुण्याच्या एका कंपनीनं मोबाईलवरच मुलाखत घेतली. नोकरी मिळाली तर आईला घेऊन जाईन, तिला कोणाच्या टेबलावर बसायची गरज नाही, असा त्याचा बेत. इकडचं सगळं त्यांना सांगितलं, चार महिन्यांची मापं, सात गुणक. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आमच्याकडे वाइंडिंग मशीनवर होतं, हे गुणक आमच्या काय कामाचे? खरंच होतं. जे शिकला ते सात बायांचे हात शिकला. त्या सात जणी जिथं, तिथंच त्याच्या विद्येला किंमत. कारखान्याच्या फाटकाबाहेर तो डिप्लोमावाल्या हजार पोरांपैकी एक.

महिना संपायला दहा दिवस उरले तेव्हा पार्वताबाई तार घ्यायला खिडकीशी आली. मी नेहमीसारखं खेकसून विचारलं की बाई, इतकी वर्षं लांब वळसा काढत आलीस, काहून? तिनं सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं.

"पयले मी बी आखूडच काढत होती, भाऊ. एक शेतकरी आला होता जळालेली मोटर घेऊन. रोवण्याचे दिवस, धानाच्या बांधीतलं पाणी आटलेलं. त्यानं भरणारणीच्या सात पिढ्या काढल्या. मी इथंच बसून ऐकलं. मोटर उघडली त लोखंडाच्या कडेले घासून तार तुटली होती. मोटर माहीच होती. तवापासून जराशी ढील देतो. कडेले घासली नाही पाहिजे."

कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला तिनं सांगितलंही नव्हतं. आणि तेव्हा मला आठवलं, की जळून परत येणाऱ्या मोटरी मीच उतरवून घेतो आणि त्यांच्यात निळा दोरा पाहिल्याचं मला आठवतच नाही. मी धावत अतुलकडे गेलो. या वयात धावलो! म्हटलं, पाव किलो तांबं जास्त जातं तर जाऊ दे, मोटर परत येत नाही ना, ते साहेबांना सांग. त्याच्या चेहऱ्यावर महिन्यात पहिल्यांदा रक्त आलं. पण लगेच म्हणाला, भाऊ, तुम्हाला आठवत नाही म्हणून साहेब कसे मानतील? मोजून दाखवावं लागेल.

मोजायचं कुठून? इथंच सगळं अडलं. जळालेली मोटर आली की आम्ही मागच्या आवारात तिला आगीत घालतो, म्हणजे वार्निश जळून तांबं मोकळं होतं. तांब्याच्या आधी दोरा जळतो. मोटरीचे नंबर माझ्या वहीत आहेत, पण कोणी भरली ते वहीत नाही, ते फक्त दोऱ्यावर. वर्षानुवर्षं मीच उभा राहून ते पुरावे जाळले होते, आणि वर पोरांवर ओरडत होतो की आग नीट लावा.

अतुल दोन रविवार त्या भंगारात बसला. अर्धवट जळालेल्या, पाण्यात बुडून बंद पडलेल्या, आगीत जायच्या राहिलेल्या मोटरी त्यानं उघडल्या. पार्वताबाईला काही सांगितलं नाही. काळ्या पडलेल्या दोऱ्याची गाठ ब्लेडनं चिरली की आत मूळ रंग दिसतो. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा. दुसऱ्या रविवारी संध्याकाळपर्यंत अकरा मोटरी झाल्या. अकरांत निळा एकही नाही. मी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पुढं कोलमडला.

सोमवारी सकाळी आम्ही केबिनमध्ये. अकरा गाठी त्यानं एका ताटलीत ठेवून नेल्या होत्या. मी बोललो, पार्वताबाईनं सांगितलेलंही बोललो, आवाज जरा चढलाच माझा. साहेबांनी सगळं ऐकलं. एकेक गाठ हातात घेऊन पाहिली. मला वाटलं, माणूस विरघळला. आणि विरघळलाच होता, हे मी आजही शपथेवर सांगतो. त्यांना फक्त एक आधार हवा होता. ते म्हणाले, "अतुल, मी दुसऱ्या कोणाला विचारणार नाही. तू सांगशील ते मानतो. यावरून सिद्ध होतं का?"

एक 'हो'. दोन अक्षरंही नाहीत. मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

अतुल गाठींकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते, म्हणजे तो आकडे मोडत होता, आणि ते ओठ पाहूनच मी टेबलाखालचा पाय काढून घेतला.

"नाही, सर," तो म्हणाला. "सात जणी आहेत. सगळ्या सारख्याच चांगल्या धरल्या, तरी अकरांत एकीची एकही नाही, असं शंभरात अठरा वेळा नुसत्या योगायोगानं होऊ शकतं. निदान वीस-पंचवीस तरी पाहिजे होत्या."

साहेबांनी हातातली गाठ ताटलीत परत ठेवली. मग त्यांनी ताटली हळूच त्याच्याकडे सरकवली. म्हणाले, तुझ्यासारखा खरा माणूस मिळाला हे माझं भाग्य. पार्वताबाईंना महिनाअखेरपर्यंत राहू दे, मग पॅकिंगला घेऊ. त्या भाग्यावर ताटली फेकून मारावीशी वाटली मला. पण मला निवृत्तीला चार वर्षं आहेत, मी उठून नमस्कार केला आणि बाहेर आलो.

बाहेर मी त्याला गाठलं. वाटेल ते बोललो. म्हटलं, तुझी जन्मदाती आहे ती, एक शब्द बोलायला तुझी जीभ झडली असती का? तो भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "भाऊ, मी आज 'हो' म्हटलं असतं, त त्या कागदावरचा कोणता आकडा मंग खरा राहिला असता?"

मी म्हटलं, त्याच कागदानं तिला काढून राहिले ना बे!

"हव," तो म्हणाला. "मले माहीत आहे."

संध्याकाळी साडेसहाला सुट्टी झाली. फाटकापाशी अतुलची जुनी मोटरसायकल उभी होती, आणि पार्वताबाई शेजारी पिशवी घेऊन. रुपाकडून तिला पॅकिंगचं कळलं असावं, कारण तिनं मला जयभीम घातला तो न बघताच. मला निघून जायला हवं होतं, पण पाय निघाला नाही. अतुल आला आणि त्यानं सगळं आपल्या तोंडानं तिला सांगितलं. भंगार, गाठी, साहेबांनी काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं. काही वगळलं नाही. वगळणं त्याला येतच नाही.

पार्वताबाईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. सुजलेला अंगठा पदरात धरून ठेवला होता.

"खरंच नाही होत सिद्ध?" तिनं विचारलं.

"नाही, आई."

"तू बरोबर मोजलं ना?"

"हो."

मग ती म्हणाली, "तुले तरी ठाऊक आहे का, माह्या मोटरी जळत नव्हत्या म्हणून?"

अतुलचे ओठ हलायला लागले. माझ्यादेखत, त्या फाटकापाशी, तो परत आकड्यांकडे गेला. मी देवाला म्हटलं, याला आज एकदाच खोटं बोलू दे. नाही म्हणालाच नाही तो, पण हो पण म्हणाला नाही.

पार्वताबाईनं मान हलवली. अतुलनं गाडीला किक मारली आणि खाली बघत उभा राहिला. करडीची शेवटची बस केव्हाच गेली होती. ती त्याच्या मागं बसली, पडू नये म्हणून डाव्या हातानं त्याचा खांदा धरला, आणि दोघं गेले.